टेकायची सायकल : नऊ महिने, दोन गुडघे आणि एक उशी

रिकम्बंट बाईक, म्हणजे पाठ टेकून घरातच चालवायची व्यायामाची सायकल, घ्यावी का, असं विचारणाऱ्याला मी आता उलट एकच प्रश्न विचारते: तुमची उंची किती? माझी 4 फूट 11 इंच आहे, आणि या मशीनशी माझं जे काही भांडण झालं ते सगळं त्या आकड्यावरून. कंपनीचं नाव लिहीत नाही. घेताना शोधाशोध केली तेव्हा हाच सांगाडा मला तीन वेगळ्या नावांनी दिसला होता, फक्त स्टिकर आणि किंमत बदललेली.

जानेवारीच्या शेवटी घेतली, आता ऑक्टोबर सरतोय. म्हणजे नागपूरचा एक अख्खा उन्हाळा तिनं आमच्याकडे काढलाय.

माझं वय 58. उजवा गुडघा झिजायला लागलाय हे दोन वर्षांपूर्वी एक्स-रेत दिसलं, आणि कमरेचं दुखणं हे बँकेच्या काउंटरमागच्या खुर्चीनं निवृत्तीला दिलेलं बक्षीस. सकाळी अंबाझरीकडे फिरायला जायचे. पण आमच्या त्रिमूर्तीनगरात गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झाल्यापासून रस्ता वर आणि घरांची फाटकं खाली अशी तऱ्हा आहे. ते चढ-उतार करतानाच गुडघा बोलायला लागायचा. आणि एप्रिल-मे महिन्यात सहाच्या पुढे उन्हात निघायची सोय नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, चालणं सोडू नका, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना गुडघ्यावर वजन न टाकता काम द्या. ते भक्कम झाले तर गुडघ्याचा भार तेच वाटून घेतात. सायकल चांगली.

साधी उभी व्यायामाची सायकल नणंदेकडे होती, तीच आधी आठवडाभर चालवून बघितली. तिच्यावर चढणं हाच माझ्यासाठी एक व्यायाम होता. सीट अरुंद, शरीराचा अर्धा भार हातांवर, दहा मिनिटांत कंबर आखडायची. मग मागे टेकायला पट्टा असलेली, घडी होणारी सायकल एका दुकानात बघितली. स्वस्त होती, पण बसल्यावर ती माझ्यासोबत डुलत होती. नवरा म्हणाला, "ही तर आपल्याआधी घडी होईन." तिथेच तिचा निकाल लागला.

रिकम्बंट म्हणजे खुर्चीसारखी सीट, पाठीला पूर्ण टेकू, आणि पेडल खाली नाहीत तर समोर. सीटच्या पुढे मोकळी जागा, त्यामुळे पाय वर न उचलता, खुर्चीवर बसावं तसं बसायचं. साडीतसुद्धा जमतं. कमरेवर वाकण्याचा ताण नाही, हात मोकळे. नवऱ्याला वाचनाचा भारी नाद. त्यानं शोधून काढलं की 1933 मध्ये पॅरिसला फ्रान्सिस फॉर नावाच्या सायकलपटूनं शार्ल मोशेनं बनवलेल्या अशाच टेकून चालवायच्या सायकलवर एका तासाचा विक्रम मोडला, आणि 1934 मध्ये सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं असल्या सायकली विक्रमांसाठी बादच करून टाकल्या. आडवं बसल्यानं वारा कमी लागतो म्हणून वेग मिळतो. आमच्या हॉलमध्ये वारा फक्त कुलरचा, पण माहिती आवडली.

तर किंमत 21,800 रुपये, वर दोन माळे चढवायचे 300 वेगळे. वजन 38 किलो, लांबी साडेचार फुटांहून थोडी जास्त. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, जिना वळणाचा. दोन पोरांनी खोका कसा वर आणला ते त्यांनाच माहीत.

आता उंचीचं. माहितीपत्रकात "4 फूट 8 इंचांपासून" असं लिहिलेलं, म्हणून मी निर्धास्त. सीट एका तिरप्या रुळावर मागे-पुढे सरकते, रुळाला भोकं आहेत, सीटखालची खुंटी ओढून हव्या त्या भोकात अडकवायची. मी अगदी पहिल्या, म्हणजे पेडलच्या सगळ्यात जवळच्या भोकात बसले. तरी पेडल लांब गेलं की पाय सरळ ताणला जायचा, टाच खेचली जायची आणि कंबर डावी-उजवी हलायची. आठ दिवसांत गुडघ्याच्या मागची शीर ओढल्यासारखी दुखायला लागली. मला वाटलं, व्यायामाची सवय नाही म्हणून. बाईंना फोटो पाठवला तर त्यांनी विचारलं, "तुम्ही सायकल चालवताय की सायकल तुम्हाला ओढतेय?"

त्यांनी सांगितलेली तपासणी सोपी आहे आणि दुकानातही करता येते. बसा, पाठ पूर्ण टेकवा, पेडल सगळ्यात लांब न्या आणि त्यावर पायाची टाच ठेवा. टाच ठेवून गुडघा जेमतेम सरळ होत असेल तर अंतर बरोबर. मग चवडा पेडलवर आणला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक राहतो, साधारण 25 ते 30 अंशांचा. टाच पोहोचतच नसेल तर सीट लांब आहे. उलट फार जवळ असेल तर गुडघा खूप दुमडतो आणि वाटीवर दाब येतो, झिजलेल्या गुडघ्याला ते जास्त वाईट. माझी टाच पेडलला लागत नव्हती, दीड-दोन इंच कमी.

परत पाठवायची मुदत संपली होती. शेवटी पाठीमागे एक कडक, दोन इंची उशी बांधली. सोफ्याची मऊ नाही. जुन्या गादीचा कापूस गच्च भरून शिवून घेतलेली. तिनं मला पुढे ढकललं आणि सगळं जुळलं. बुडाखाली उशी घ्यायचा मोह होतो, कारण सीटचा फोम पातळ आहे आणि पहिले पंधरा दिवस माकडहाड दुखतं. पण खाली उशी घेतली की आपण वर होतो आणि अंतर पुन्हा बिघडतं. पाठीची उशी ठेवा, माकडहाडाला सवय होते.

नवरा 5 फूट 9 इंच, तो सातव्या भोकात बसतो. खुंटीचा नॉब सीटच्या खाली असल्यामुळे दर वेळी उतरून, वाकून, एका हातानं सीट सरकवत दुसऱ्या हातानं खुंटी ओढायची. कमरेच्या दुखण्यासाठी घेतलेल्या मशीनला हे असं वाकणं! काही मॉडेलना बाजूला लिव्हर असतो, बसल्या बसल्या सीट सरकते. घरात दोघं वापरणार असाल तर चार पैसे जास्त देऊन तेच घ्या. आमच्याकडे आता ठरलेलं आहे, सकाळ माझी आणि संध्याकाळ त्याची. शेवटी जो उतरेल त्यानं सीट दुसऱ्याच्या भोकात लावून ठेवायची. तो विसरतो.

ताण कमी-जास्त करायला 8 पायऱ्यांचा नॉब आहे. आत एक जड धातूचं चाक फिरतं आणि नॉब फिरवला की चुंबकं त्याच्या जवळ सरकतात. ती चाकाला टेकत नाहीत. फिरत्या धातूत वीज उत्पन्न होते आणि तीच चाकाला मागे खेचते, असं धाकट्यानं फोनवर समजावलं. त्यामुळे घासणारं काही नाही आणि आवाज जवळजवळ नाही. खालच्या माळ्यावरच्या काकूंना मी महिन्यानंतर सांगितलं तेव्हा कळलं. शिवाय या ताणाला बाहेरची वीज लागत नाही, वीज गेली तरी ती चालतेच. एक गंमत मात्र लक्षात ठेवा: पाय जोरात मारले तर विरोध वाढतो, रमतगमत मारले तर सहावी पायरीसुद्धा लोण्यासारखी लागते. म्हणून नुसती पायरी वाढवून उपयोग नाही, फेऱ्याही हव्यात. मी 15 सेकंदांत उजवा गुडघा 15-16 वेळा वर येईल असा वेग धरते, पायरी तीन किंवा चार.

पडद्यावरच्या आकड्यांबद्दल बोलायचं तर वेळ तेवढा खरा. मी एकदा दहा मिनिटं दुसऱ्या पायरीवर आणि दहा मिनिटं सहाव्या पायरीवर, शक्य तितक्या सारख्या वेगानं चालवून बघितलं. कॅलरी जवळपास तेवढ्याच. घाम मात्र दुसऱ्या वेळी दुप्पट. म्हणजे ते यंत्र नुसत्या फेऱ्या मोजतं, आणि माझं वजनही कधी विचारत नाही. नवरा मात्र त्या आकड्याकडे बघून रविवारी तर्री पोह्यांची दुसरी प्लेट मागतो. सीटशेजारच्या दांड्यांवर नाडी मोजायच्या पट्ट्या आहेत. करोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर घरात होतं, लगेच बोट घालून बघितलं तर पडदा 88 म्हणत होता आणि ऑक्सिमीटर 112. तेव्हापासून मी अमरावतीच्या बहिणीला फोन लावते. बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागला की वेग बरोबर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझी रोज 25 मिनिटं, सहा दिवस. बहिणीचं मत आहे की मी तिला तेवढ्यासाठीच फोन करते.

उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की हॉलमध्ये दुपारी बसवत नाही, तिथे पाय कुठे मारणार. पहाटे साडेपाचला बसायचे. सीटचं रेक्झिन घामानं पाठीला चिकटतं, जुनी सुती ओढणी घालूनच बसावं लागलं. पाठीला जाळी असलेली मॉडेल्स येतात, आपल्याकडच्या हवेला तीच बरी. आणि कुलरच्या थेट झोतात मशीन ठेवू नका. मी ठेवली होती, ओल्या हवेनं जूनपर्यंत रुळाच्या बोल्टांवर तांबूस गंज धरला. आता महिन्यातून एकदा फडक्यानं तेल फिरवते.

पायाच्या बोटांना मुंग्या येणं हीसुद्धा या बैठकीची खोड आहे, कारण पाय जवळजवळ कमरेच्या पातळीवर असतात. पट्टे सैल केले आणि जाड तळव्याचे बूट घातले, तेव्हा थांबलं. अनवाणी चालवू नका.

आता तक्रार. जोडणी करायला आलेला मुलगा गोड होता पण घाईत होता. डाव्या पेडलमधून पहिल्या दिवसापासून टक्-टक् आवाज. त्याला तेव्हाच दाखवलं तर म्हणाला, "मॅडम, नवीन मशीन आहे, थोडा आवाज तर येतेच. चार दिवसांत आपोआप जाईन." आवाज गेला नाही, पेडलच गेलं, जुलैत एका सकाळी पायासकट निखळून खाली. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं एका नजरेत सांगितलं, "वाकडं बसवलं जी यानं, चुडी खाल्ली पूर्ण." डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते उलट्या दिशेनं आवळावं लागतं, तिरपं घालून पान्यानं जोर लावला तर आतले आटे मरतात. पेडल नवीन मिळतं, पण आटे मेलेला दांडाच बदलावा लागला, आणि तो यायला वॉरंटीत असूनही पाच आठवडे. रोज फोन, रोज नवीन तक्रार क्रमांक. तुमच्याकडे माणूस येईल तेव्हा त्याला पेडलवरचं एल आणि आर दाखवायला सांगा, आणि आधी हातानंच, पान्याशिवाय, चार-पाच फेरे फिरवायला लावा. सरळ जात नसेल तर तिथेच थांबवा.

त्या पाच आठवड्यांनी एक गोष्ट फुकटात दाखवली. तिसऱ्या आठवड्यात दोन माळे चढताना मी पुन्हा कठडा धरायला लागले, जो मी एप्रिलपासून सोडला होता. पावसामुळे फिरणंही बंद होतं, म्हणून सगळं श्रेय सायकलला देत नाही. पण दांडा आल्यावर महिनाभरात कठडा पुन्हा सुटला. वजन नऊ महिन्यांत अडीच किलो उतरलं, त्यात रात्रीचा भात कमी केल्याचाही वाटा असेल. गुडघा बरा झालेला नाही, झिजलेलं परत येत नाही. खाली बसून उठायला अजूनही हाताचा टेकू लागतो.

जे ही सायकल करत नाही तेही सांगते. आपण बसलेले असतो, म्हणजे हाडांवर शरीराचा भार पडत नाही, आणि तोलाचा सराव होत नाही. माझ्या वयाच्या बायकांना दोन्हीची गरज असते. म्हणून संध्याकाळी वीस मिनिटं चालणं आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं बाईंनी चालूच ठेवायला लावलंय. आणि हो, "शेवटी त्यावर कपडेच वाळत घालशील" असं म्हणणाऱ्या जाऊबाईंसाठी: ही इतकी बुटकी आहे की टॉवेलसुद्धा जमिनीला लोळतो.

आता नणंदेला तिची उभी सायकल विकून अशीच घ्यायची आहे. गेल्या रविवारी येऊन बसून गेली. ती 5 फूट 6 इंच, पाचव्या भोकात टाच बरोबर टेकली, उशीही काढून ठेवली. पण तिच्या जिन्याचं वळण आमच्यापेक्षा अरुंद आहे, म्हणून मोजपट्टी घेऊन गेली आहे. खोक्याचं माप मी तिला फोनवर सांगितलं, तर म्हणते तीन इंच कमी पडतात. आता दारातच खोका फोडून दोन भागांत वर नेता येईल का, ते दुकानदाराला विचारणार आहे.