एलजीए १७०० की एएम५: काळी स्क्रीन घरी सुटते का, ते आधी बघा

नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) मध्यम बजेटचा डेस्कटॉप जुळवायला गेलं की बहुधा दोन कोटेशन हातात पडतात. एकावर इंटेलचा एलजीए १७०० सॉकेटचा आय५ १२४००एफ किंवा १४४००एफ, सोबत एच६१०, बी६६० किंवा बी७६० बोर्ड आणि डीडीआर४ रॅम. दुसऱ्यावर एएमडीचा एएम५ सॉकेटचा रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५. वेगातला फरक तुम्ही व्हिडिओंमध्ये बघितलेलाच असेल, तो इथे पुन्हा मांडत नाही. टॅली, कोडिंग, फोटो एडिटिंग, १०८०पीवरचे गेम, हे सगळं दोन्हींवर नीट चालतं. माझी निवड ठरली ती पार्टांचं एकमेकांशी किती पटतं यावरून. त्यातही एका प्रश्नावरून: पहिल्यांदा बटण दाबल्यावर स्क्रीन काळीच राहिली, तर ते घरी बसून सुटतं की कॅबिनेट उचलून पुन्हा बर्डी गाठावी लागते?

एलजीए १७०० हे इंटेलचं सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, नोव्हेंबर २०२१मध्ये १२व्या पिढीसोबत आलं. पुढे त्यातच १३वी पिढी बसली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये १४वी. सॉकेट तेच, पिना तेवढ्याच. प्रोसेसर अलगद बसतो, लिव्हर लागतं, म्हणून सगळं जुळलं असं वाटतं. पण बोर्डमधला बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम, ज्या तारखेचा असेल, त्या तारखेपर्यंतचेच प्रोसेसर तो ओळखतो. २०२२च्या सुरुवातीला बनलेल्या बी६६० किंवा एच६१०वर १४४००एफ लावला, तर पंखे फिरतात, लाइट लागतात, पण डिस्प्ले येत नाही. दुकानदार म्हणतो, ‘बोर्ड नवीनच आहे जी, सीलबंद.’ ते खरंही असतं. खोकं सीलबंद असतं, आतला बायोस मात्र दोन-तीन वर्षांपूर्वीचा असू शकतो. बी७६० घेतला म्हणजे सुटलो असंही नाही, कारण सुरुवातीचे बी७६० बोर्ड १४वी पिढी येण्याआधीच बाजारात आले होते.

आता ही काळी स्क्रीन सोडवायची कशी? बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकची (प्रोसेसरशिवाय बायोस बदलायची) सोय नसेल, तर आधी १२व्या पिढीचा एखादा प्रोसेसर लावून मशीन सुरू करायचं, बायोस अपडेट करायचा, मग आपला प्रोसेसर पुन्हा बसवायचा. घरी १२व्या पिढीचा जादाचा प्रोसेसर कोणाकडे असतो? म्हणजे सगळं उचलून पुन्हा दुकानात. वाडीहून किंवा कामठीहून स्कूटरवर पायाशी कॅबिनेट ठेवून बर्डीला जाणं, तेही मेच्या दुपारी, हा साधा त्रास नाही. उमरेड-भंडाऱ्याहून येणाऱ्याचा तर अख्खा दिवस जातो. शिवाय प्रोसेसर जितक्या वेळा काढाल-घालाल तितका सॉकेटच्या पिनांना धोका. एक पिन वाकली की वॉरंटी संपलीच समजा.

हाच प्रश्न एएम५लाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. एएम५ सप्टेंबर २०२२मध्ये आलं. त्या काळातल्या बी६५० बोर्डवर नंतरचे ८०००जी किंवा २०२४मध्ये आलेले ९००० मालिकेतले प्रोसेसर लावले, तर तशीच काळी स्क्रीन येऊ शकते. फरक असा की एएम५च्या मधल्या किमतीच्या बोर्डांवर फ्लॅशबॅकचं बटण बऱ्यापैकी सर्रास मिळतं. ते असलं की प्रोसेसर आणि रॅम न लावताही बायोस बदलता येतो. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेन ड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करायचा. कंपनीच्या साइटवरून आपल्या बोर्डची, त्याच रिव्हिजनची फाइल घ्यायची. फाइलला त्या कंपनीने ठरवलेलं नाव द्यायचं, उदाहरणार्थ एमएसआयसाठी ‘एमएसआय डॉट रॉम’ (MSI.ROM). इथे चूक झाली की लाइट दोन-तीनदा लुकलुकून बंद होतो आणि लोकांना बोर्डच खराब वाटतो. मग २४ पिन आणि सीपीयूची ८ पिन वायर लावायची, पेन ड्राइव्ह मागच्या खुणा केलेल्या पोर्टमध्येच घालायचा आणि बटण तीनेक सेकंद दाबून धरायचं. लाइट लुकलुकायचा थांबेपर्यंत, साधारण पाच ते दहा मिनिटं, कशालाही हात लावायचा नाही. मध्येच लाइन गेली तर बायोस अर्धवट राहतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करा.

सगळ्याच एएम५ बोर्डांवर हे बटण नसतं. ए६२० आणि सर्वांत स्वस्त बी६५०मध्ये ते अनेकदा गाळलेलं असतं, आणि काही चांगल्या बी७६० बोर्डांवर ते असतं. म्हणून सॉकेटच्या नावावर विसंबू नका. खोक्यावरचं मागच्या पॅनलचं चित्र बघा, बटण तिथेच दिसतं. मला एवढंच दिसलं की साधारण सारख्या पैशांत एएम५च्या बाजूला ते मिळण्याची शक्यता जास्त आहे.

दुसरा मुद्दा ‘एफ’ या अक्षराचा. १२४००एफ, १४४००एफमध्ये अंगचे ग्राफिक्स नसतात. ग्राफिक्स कार्ड उशिरा येणार असेल किंवा कार्डावरच संशय असेल, तर तपासायला काहीच उरत नाही. बोर्डच्या एचडीएमआयला मॉनिटर लावून ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणणारे किती तरी जण याच अक्षराला फसलेले असतात. रायझन ७६००मध्ये छोटे का होईना, ग्राफिक्स आहेत. कार्ड काढा, मॉनिटर बोर्डला लावा, चित्र आलं म्हणजे दोष कार्डाकडे. इंटेलचा बिनएफचा प्रोसेसर घेतला तरी हा फायदा मिळतो, त्याचे थोडे जास्त पैसे मी तरी देईन. उलट एएम५कडे ७५००एफ घेतला की हा फायदा गेला. ८५००जीचे ग्राफिक्स चांगले आहेत, पण पुढे मोठं कार्ड लावायचं असेल तर त्यात कार्डासाठी फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) मिळतात, हे आधीच लक्षात असू द्या.

एएम५ची स्वतःची एक वेगळी काळी स्क्रीन आहे आणि ती नवख्याला घाबरवते. पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड डीडीआर५ रॅमशी टायमिंग जुळवत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ‘डीरॅम’ लिहिलेला छोटा लाइट पेटून राहतो, स्क्रीनवर काहीही नसतं आणि यात काही मिनिटं जातात. रॅम जास्त आणि बायोस जुना असेल तर आणखी. बहुतेक जण दोन मिनिटांत धीर सोडून मागचं स्विच बंद करतात, मग ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चहा ठेवा, पंधरा मिनिटं द्या. सीमॉस क्लिअर केलं (बायोसची सेटिंग पुसली) किंवा बायोस बदलला की पुन्हा तेवढंच थांबावं लागतं. रोजच्या सुरू होण्यातला उशीर कमी करायचा असेल तर बायोसमध्ये ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ चालू करा. ते केल्यावर मशीन अस्थिर वाटलं तर सोबतचं ‘पॉवर डाउन इनेबल’ही चालू आहे का ते बघा. इथे इंटेलच्या डीडीआर४ सेटला शंभरपैकी शंभर, तो पहिल्याच वेळी पटकन उठतो. तरी थांबून सुटणारी काळी स्क्रीन आणि दुसरा प्रोसेसर मागणारी काळी स्क्रीन यांत मला पहिली कधीही परवडते.

रॅमचा हिशोब मात्र आजच्या घडीला इंटेलकडे झुकू शकतो. २०२५च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्या आहेत. तुमच्या जुन्या मशीनमध्ये ३२०० वेगाच्या ८-८ किंवा १६-१६च्या डीडीआर४ स्टिक चांगल्या अवस्थेत असतील, तर त्या वापरता येणं ही खरी बचत आहे आणि ती एएम५मध्ये शक्यच नाही, कारण तिथे फक्त डीडीआर५ चालते. फक्त बोर्ड बघून घ्या. एलजीए १७००चे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात आणि नावात एक छोटं ‘डी४’ असणं-नसणं एवढाच फरक असतो. चुकीची स्टिक खाचेमुळे बसतच नाही. जोर लावाल तर स्लॉट तुटेल.

एएम५ घेतलात तर १६च्या दोनच स्टिक घ्या, ६०००च्या वेगाच्या, एक्स्पो (एएमडीसाठीचं तयार वेग-सेटिंग) लिहिलेल्या. प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. आज दोन, पुढे आणखी दोन असा विचार डीडीआर४ला चालून जायचा. एएम५वर चार स्टिक भरल्या की अधिकृत वेग ३६००पर्यंत उतरतो आणि ट्रेनिंगही लांबतं.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. नागपुरात मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो, आणि खोलीचं तापमान जितकं वाढेल, साधारण तितकंच प्रोसेसरचंही वाढतं. जानेवारीत ६५वर चालणारं मशीन नवतपात ८५ दाखवेल, त्यात बिघाड काही नाही. १२४०० बूस्टमध्ये ११७ वॉटपर्यंत ओढतो, ७६०० साधारण ८८ वॉटवर थांबतो. दोन्हींसोबत येणारा खोक्यातला कुलर हिवाळ्यात चालतो. उन्हाळ्यात दुपारी काम करणाऱ्याने चार हीट पाइपचा साधा टॉवर कुलर घ्यावा, वॉटर कूलिंगची गरज नाही. घेण्याआधी त्याची उंची आणि कॅबिनेटची मर्यादा मिलिमीटरमध्ये जुळवा. १५५ मिमीचा कुलर १५० मिमीच्या कॅबिनेटमध्ये गेला नाही म्हणून काच उघडी ठेवलेली मशीन या शहरात कमी नाहीत, आणि उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ बसायला वेळ लागत नाही.

कुलर जुळण्यातही फरक आहे. एएम४चे बहुतेक कुलर एएम५वर बसतात, अट एवढीच की त्यांनी बोर्डची मूळ बॅकप्लेट (बोर्डमागची आधाराची पट्टी) वापरली पाहिजे. एएम५ची बॅकप्लेट काढता येत नाही, त्यामुळे स्वतःची बॅकप्लेट आणणारे जुने कुलर अडतात. इंटेलकडे जुन्या सॉकेटच्या भोकांमधलं अंतर ७५ मिमी होतं, एलजीए १७००ला ते ७८ मिमी झालं आणि प्रोसेसरची उंचीही कमी झाली. म्हणून जुन्या कुलरला नवं किट लागतं. जबरदस्तीने बसवलात तर एका कडेला दाब कमी पडतो. शिवाय एलजीए १७००चं लिव्हर लांबट प्रोसेसरला मधोमध दाबतं, त्यामुळे तो किंचित वाकतो. काही जण त्यासाठी वेगळी फ्रेम लावतात. तिचे स्क्रू जास्त आवळले की रॅमचा एक चॅनल गायब होतो, आणि इंटेलच्या मते असा बदल वॉरंटीत बसत नाही. मी त्या वाटेला जाऊ नका असंच म्हणेन.

पाण्याच्या डेझर्ट कुलरची हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओलावा आणि धूळ मिळून फिल्टरवर चिखलासारखा थर बसतो. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी फिल्टर झटका.

बायोस अद्ययावत असणं फक्त सुरू होण्यासाठी लागत नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या के मालिकेच्या आय५ आणि आय७, आय९ प्रोसेसरांमध्ये व्होल्टेज जास्त जाऊन ते खराब होत होते. ऑगस्ट २०२४पासूनच्या, बायोससोबत येणाऱ्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांनी) त्यावर उपाय केला आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२४०० या घोळात नाही. एएम५वरही २०२३मध्ये एक्स३डी प्रोसेसर जळण्याचे प्रकार झाले, मग नव्या बायोसने प्रोसेसरमधलं एसओसी व्होल्टेज १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित केलं. म्हणून जुन्या स्टॉकचा बोर्ड घेतला तर दोन्हीकडे विंडोज टाकायच्या आधी बायोस.

पुढचं गणित सरळ आहे. एलजीए १७००मध्ये आता नवी पिढी येणार नाही, इंटेल ऑक्टोबर २०२४मध्येच एलजीए १८५१वर गेली. एएम५ला एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही पाठिंबा सांगितला आहे, आणि एएम४बाबतचा अनुभव बघता यावर विश्वास ठेवायला मला अडचण वाटत नाही.

घरात चांगली डीडीआर४ पडून असेल आणि पुढची चार-पाच वर्षं मशीन उघडायचं नसेल, तर १२४०० आणि बी६६० डी४ हा शहाणा सौदा आहे. १२वी पिढी ६०० आणि ७०० मालिकेच्या कुठल्याही बोर्डवर, कुठल्याही बायोसवर चालते, म्हणजे काळ्या स्क्रीनचा प्रश्नच मिटतो. एच६१० घेणार असाल तर त्यावर एनव्हीएमई एसएसडी बहुधा जेन ३चाच, म्हणजे जुन्या पिढीचाच वेग देते, एवढं धरून चला. रॅम मुळातच नवी घ्यायची असेल, तर मी ७६०० आणि फ्लॅशबॅक असलेला बी६५० घेईन, आणि तोच घेतला आहे.

एसएमपीएस (पॉवर सप्लाय) जुना वापरणार असाल तर त्याच्या मूळ वायरीच वापरा. एका कंपनीच्या मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या) वायरी दुसरीच्या एसएमपीएसला बसतात खऱ्या, पण आतली जुळणी वेगळी असते आणि हार्ड डिस्क-एसएसडी क्षणात जळते.

काउंटरवर पैसे देण्याआधी मोबाइलवर बोर्डच्या पानावरची प्रोसेसर सपोर्टची यादी उघडा आणि तुमच्या प्रोसेसरपुढे कोणती बायोस आवृत्ती लिहिली आहे ते बघा. मग दुकानातच सीपीयू, एक रॅम आणि एसएमपीएस (‘एफ’ प्रोसेसर असेल तर ग्राफिक्स कार्डही) जोडून डिस्प्ले दाखवायला सांगा. बर्डीतले बरेच दुकानदार हे आनंदाने करतात. स्क्रीनवर आलेली आवृत्ती बिलावर लिहून घ्या. आणि सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण बोर्डच्या खोक्यात परत टाकून घरी न्या. वॉरंटीत बोर्ड पाठवायची वेळ आली तर ते झाकण लावल्याशिवाय तो घेतला जात नाही.