रेडिएटर फुटला तर: हळद, एम-सील की पकड?

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर रेडिएटर बहुतेक दोन कारणांनी गळतो. एक तर तुटक्या झुडपाचा खुंट ग्रिलमधून घुसून नळी फाडतो, नाहीतर सततच्या हादऱ्यांनी टाकीच्या जोडाला चीर जाते. गॅरेज कोसभर लांब असताना करता येतील असे उपाय तीन: हळद, एम-सील (दोन भाग मळून लावायची, नंतर कडक होणारी पुट्टी) आणि पकड (प्लायर). त्यांपैकी कोणावर भिस्त ठेवायची हे ठरवण्याआधी तुमचा रेडिएटर कशाचा आहे ते बघून ठेवा. जुन्या जीपला तांब्या-पितळेचा असतो, आताच्या बहुतेक गाड्यांना ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतात.

हळद हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय. चहाचे दोन चमचे हळद पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये ओतायची. गरम पाण्यात कण फुगतात आणि दाबाने बाहेर पडताना भोकाच्या तोंडाशी अडकतात. गळती नेमकी कुठे आहे हे सापडलं नाही तरी चालतं, ही तिची सर्वांत मोठी सोय. पण सुईच्या टोकाएवढ्या भोकापलीकडे तिचा उपयोग नाही, फाटलेल्या नळीतून ती वाहून जाते. शिवाय हाच गाळ हीटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. नव्या गाडीत मी हळद शेवटी वापरेन, आणि घरी पोचल्यावर सगळी सिस्टीम फ्लश करून (आतून धुऊन) घेईन.

एम-सीलला वेळ द्यावा लागतो, पण तो सत्कारणी लागतो. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मगच झाकण उघडा. पाणी गळतीच्या खालच्या पातळीपर्यंत काढा. जाळीचे पत्रे नोज प्लायरने बाजूला करा, नळी कोरडी पुसा आणि सॅंडपेपरने खरखरीत करा. दोन्ही रंगांचे सारखे गोळे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा आणि भोकाच्या चारही बाजूंना बोटभर पसरेल असं दाबून बसवा. ओल्या किंवा तेलकट नळीवर ते धरत नाही, म्हणून पावसात बॉनेटवर ताडपत्री धरायला माणूस लागतो. पाकिटावर लिहिलेला वेळ संपेपर्यंत पाणी भरू नका. प्लॅस्टिकच्या टाकीवर मात्र ते कच्चंच चिकटतं.

नळी लांबवर फाटली असेल तर ती फाटक्या भागाच्या वर आणि खाली कापून, टोकं पकडीने चपटी करून दुमडायची. तेवढी नळी बाद होते, बाकीच्या गाडी थंड ठेवतात. तांब्या-पितळेत हे छान जमतं. ॲल्युमिनियम दुमडताना चिरतं, तिथे टोकांवर एम-सीलही लावा.

मला विचाराल तर जुन्या जीपवाल्याने पकड आणि एम-सील दोन्ही ठेवावं, नव्या गाडीवाल्याने एम-सीलची दोन पाकिटं. हळदीची पुडी दोघांनीही ठेवावी, जागाच किती लागते!

दुरुस्तीवरचा ताण कमी करायला झाकण सैल ठेवून चालवतात. दाब उतरतो, गळती मंदावते, पण पाणी लवकर उकळतं. लेहच्या सुमारे 3,500 मीटर उंचीवर तर ते 88 अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे हा उपाय करूच नका. तिकडे नुसतं पाणी भरून रात्री गाडी उभी ठेवणंही धोक्याचं, गोठलेलं पाणी इंजिनचा ब्लॉक फोडू शकतं.

निघाल्यावर फक्त टेंपरेचरच्या काट्यावर विसंबू नका. पाणी फार उतरलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली दिसू शकतो, आत इंजिन भाजत असतं. दर थोड्या अंतरावर थांबून गळती बघा, हीटर पूर्ण चालू ठेवा, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता तिकडून निघून जाते. सांडलेलं कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळलेलं, गोठू न देणारं द्रव) ओढ्यात जाऊ देऊ नका, ते विषारी असतं आणि गोडसर चवीमुळे कुत्री चाटतात.

पाणी वॉटर पंपातून गळत असेल, किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असेल, तर या तिन्हींत वेळ घालवू नका. इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या.