अडकलेली रक्कम: दावा, लवाद की तडजोड?

माल दिला, काम पुरे केले, पण बिल थकले. आता दिवाणी दावा लावायचा, करारातल्या लवादाच्या (कोर्टाऐवजी नेमलेल्या त्रयस्थाने निकाल देण्याच्या) कलमाने जायचे, की मध्यस्थामार्फत मिटवायचे? बहुतेक जण निकाल कधी लागेल एवढेच विचारतात. आमच्या मते त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: निकाल लागल्यावर समोरचा त्याविरुद्ध कुठवर लढू शकतो, आणि रक्कम त्याच्या कोणत्या मालमत्तेतून वसूल होणार.

पण सगळ्यात आधी मुदत. मुदत कायदा १९६३ प्रमाणे अशा रकमेसाठी साधारण ३ वर्षे मिळतात, आणि ती लवादालाही लागू आहेत. वकिलामार्फत मागणीची नोटीस दिली म्हणून मुदत थांबत नाही. त्यासाठी दावा दाखल व्हावा लागतो. लवादात मात्र ‘हा वाद लवादाकडे सोपवा’ अशी नोटीस समोरच्याला मिळाली, की त्या दिवसापासून कार्यवाही सुरू झाली असे धरतात. तोंडी बोलणी चालू होती, हे कारण कोर्टात टिकत नाही. उलट, मुदत संपण्याआधी त्याने बाकी मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले, तर तिथून नवी ३ वर्षे मिळतात.

दावा

क्रम असा: वादपत्र (दाव्याचा अर्ज) व कोर्ट फी, समन्स, लेखी कैफियत (प्रतिवादीचे उत्तर), मुद्दे काढणे (वादाचे प्रश्न ठरवणे), प्रतिज्ञापत्रावर सरतपास (आपल्याच साक्षीदाराची साक्ष), उलटतपास, युक्तिवाद, हुकूमनामा (कोर्टाचा निकाल). पहिली गाडी अडते ती समन्सवर. पत्ता जुना असेल तर बेलीफ परत येतो आणि तारखा वाया जातात, म्हणून राहण्याचा आणि व्यवसायाचा असे दोन्ही पत्ते द्या. कैफियतीला ३० दिवस, फार तर ९० दिवस अशी तरतूद आहे. पण साध्या दाव्यात कोर्ट खर्च बसवून उशिराची कैफियतही घेते. व्यापारी दाव्यात तसे चालत नाही. तिथे १२० दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच जातो. मात्र ३ लाख किंवा त्याहून मोठ्या व्यापारी वादात, तातडीचा अंतरिम (निकालाआधीचा) आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून लावलेले वादपत्र फेटाळले जाते.

हातात चेक, वचनचिठ्ठी (पैसे देण्याचे लेखी वचन) किंवा ठरलेल्या रकमेचा लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश ३७ खालचा संक्षिप्त दावा पाहाच. त्यात प्रतिवादीला १० दिवसांत हजर व्हावे लागते आणि बचाव करण्यासाठी कोर्टाची परवानगी काढावी लागते. बचाव पोकळ दिसला तर साक्षीपुराव्याशिवाय हुकूमनामा होतो. चेक-करारासारखा कागद नसेल आणि सगळी भिस्त मोबाइलवरच्या संदेशांवर असेल, तर हा मार्ग अवघड. संदेशांच्या प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा. ते नसल्याने चांगला पुरावाही बाहेर राहतो.

लवाद

करारात लवादाचे लेखी कलम असेल तरच. कलम असूनही दावा लावलात, तर समोरचा वादावरचे पहिले म्हणणे देतानाच प्रकरण लवादाकडे पाठवायला सांगू शकतो, आणि गेलेले महिने तुमचे. देशांतर्गत प्रकरणात निवाडा (लवादाचा निकाल) दोन्ही बाजूंची निवेदने पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत यावा लागतो. उभयसंमतीने आणखी ६ महिने. निवाड्याला आव्हान ३ महिन्यांत द्यायचे, आणि तेही मोजक्या कारणांवर. कोर्ट पुरावा नव्याने तपासत नाही. हा खरा फायदा. पण लवाद म्हणून नेमलेल्या त्रयस्थाचे मानधन पक्षकारांनी भरायचे असते, त्यामुळे लहान रकमेला ते परवडत नाही. ‘आमचा संचालकच लवाद नेमेल’ असे कलम असेल तर सावध राहा. तशा एकतर्फी नेमणुकीने मिळालेला निवाडा पुढे रद्द होऊ शकतो.

तडजोड

बाकी मान्य आहे, फक्त पैशांची ओढाताण आहे, अशा माणसाशी हाच मार्ग घ्या. लोकअदालतीत मिटले तर निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ, त्यावर अपील नाही, आणि चालू दाव्याची कोर्ट फी परत मिळते. जिंकलेल्या दाव्याला अपिलाची टांगती तलवार असते, म्हणून थोडी रक्कम सोडावी लागली तरी पुष्कळदा हे बरे पडते. तडजोडीच्या मसुद्यात हप्त्यांच्या तारखा आणि ‘एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह लगेच देय’ ही ओळ हवीच. ती नसली तर प्रत्येक हप्त्यासाठी वेगळे भांडावे लागते. बाकीच नाकारणाऱ्याशी मात्र बोलणी लांबवू नका.

दरखास्त

मार्ग कोणताही घ्या, पैसे आपणहून आले नाहीत तर शेवटी दरखास्त (वसुलीसाठी कोर्टात अर्ज) दाखल करावी लागते. त्यासाठी १२ वर्षे आहेत, पण मालमत्ता शोधून देण्याचे काम तुमचेच. भविष्य निर्वाह निधी, कारागिराची हत्यारे, पगाराचा मोठा भाग यांवर जप्ती येत नाही. समोरचा वसुली बुडवण्यासाठी मालमत्ता विकतो आहे याचा पुरावा असेल तर दाव्यातच निकालापूर्वी जप्ती मागा. लवादात जाणार असाल तर त्यासाठी आधी कोर्टात अर्ज करता येतो, मात्र आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. आणि त्याने पूर्वी दिलेल्या चेकांच्या प्रती फेकू नका. जप्तीच्या अर्जात खाते क्रमांक आणि शाखा तिथूनच मिळते.