बाळाला बांधून घेण्याचा सुती रॅप : वापरानंतरचे मत

बाळाला छातीशी बांधून घेण्यासाठी मिळणाऱ्या लांब कापडी रॅपचे मुख्यतः दोन प्रकार आहेत : होजिअरीसारखे ताणले जाणारे आणि मागावर विणलेले. आम्ही दोन्ही वापरले आणि माझा कौल निःसंशय विणलेल्या सुती रॅपला आहे. ताणले जाणारे कापड नवजात बाळासाठी मऊ आणि सोयीचे असले, तरी वजन वाढू लागले की ते हळूहळू खाली ओघळते. शिवाय पाठीवर बांधण्यासाठी ते सुरक्षित नाही. विणलेले कापड उभे-आडवे फारसे ताणत नाही, मात्र तिरके किंचित ताणले जाते, त्यामुळे ते बाळाच्या पाठीच्या गोलाईवर नेमके बसते.

बांधताना एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत थोडा थोडा झोळ ओढून काढावा लागतो, आणि सारे कौशल्य त्यातच आहे. कापड बाळाच्या एका गुडघ्यामागून दुसऱ्या गुडघ्यामागे पोहोचावे, गुडघे ढुंगणापेक्षा वर असावेत, हनुवटी छातीला टेकू नये आणि बाळाचा चेहरा सतत दिसत राहावा. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

साधारण साडेचार मीटर लांबी बहुतेकांना पुरते. नवे कापड ताठ असते, पण काही धुण्यांनंतर छान मऊ पडते. उन्हाळ्यात मात्र बाळावर कापडाचा एकच थर येईल अशी बांधणी निवडावी.