आठवीच्या वर्गात घनतेचा संच: दहा महिन्यांच्या वापरानंतर

'घनता संच' म्हणून मिळालेल्या खोक्यात 250 मिलीचं प्लास्टिकचं मोजपात्र, 1.000 ते 2.000 पट्टीचा काचेचा हायड्रोमीटर (द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी नळी), एक दुग्धतामापी (दुधासाठीचा हायड्रोमीटर, म्हणजे लॅक्टोमीटर) आणि 25 मिलीची डेन्सिटी बॉटल (ठरावीक आकारमानाची, छिद्राच्या बुचाची बाटली) होती. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा वेगळा घेतलेला. कोल्हापुरात जून ते मार्च, आठवीच्या 'बल व दाब' पाठासाठी आणि पुढे नववीच्या उजळणीसाठी हे सगळं वापरात होतं. आधी निकाल: काटा सर्वांत कामाचा, त्याखालोखाल दुग्धतामापी. हायड्रोमीटर जवळपास वाया गेला आणि मोजपात्राने सर्वांत जास्त फसवलं.

मोजपात्रावर दर 2 मिलीला रेघ आहे. त्यात 50 मिली द्रव मोजला की नजरेची चूक सहज 1 मिलीची होते, म्हणजे 2 टक्के. दूध (घनता सुमारे 1.03 ग्रॅम प्रति मिली) आणि पाणी (सुमारे 1.00) यांतला फरकच 3 टक्के. त्यामुळे एका गटाचं पाणी 1.02 आणि दुसऱ्या गटाचं दूध 1.01 येतं, आणि वर्ग 'पाणी दुधापेक्षा जड' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. यावर दोन उपाय लागू पडले. पहिला, मोजपात्रच तपासणं. 27 अंश सेल्सिअसला 100 मिली पाण्याचं वस्तुमान 99.65 ग्रॅम भरायला हवं; 98 भरलं तर तो आकडा मार्करने पात्रावरच लिहून ठेवावा. दुसरा, एकाच मापावर न थांबता 20, 40, 60, 80 आणि 100 मिलीला वस्तुमान घेऊन आलेख काढणं. रेषेचा चढ म्हणजे घनता. काटा शून्य करायचा राहिला तरी पूर्ण रेषा वर सरकते, चढ बदलत नाही. पण काट्याची कमाल मर्यादा आधी पाहावी: 200 ग्रॅमच्या काट्यावर मोठं मोजपात्र ठेवता येत नाही, हलका प्लास्टिकचा पेला घ्यावा लागतो. काट्याजवळचा पंखाही बंद हवा, नाहीतर शेवटचा आकडा स्थिर होत नाही.

मुलांच्या डोक्यातली खरी गाठ मात्र उपकरणांत नाही, भाषेत आहे. आपण दुधाला 'घट्ट' म्हणतो, आमटीला 'दाट' म्हणतो, आणि 'घनता' हा शब्द कानाला त्याच कुळातला वाटतो. म्हणून तेल पाण्यापेक्षा घट्ट, तेव्हा त्याची घनताही जास्त, असं उत्तर हमखास येतं. शेंगतेल 0.91 च्या आसपास, पाण्यावर तरंगणारं. हे उदाहरण पहिल्याच तासाला घ्यावं. दुसरं उदाहरण पिशवीतलं फुल क्रीम आणि टोन्ड दूध. दोन्हींत दुग्धतामापी जवळपास एकाच अंशावर थांबतो (त्यावरचे 30 अंश म्हणजे घनता 1.030), कधी टोन्डच एखाद्या अंशाने वरचढ निघतं. कारण स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका, तर दुधातले बाकीचे घनघटक जड. इथूनच पुढचा प्रश्न निघतो: साय काढून मग पाणी घातलं तर आकडा पूर्ववत होईल का? होतो. दुग्धतामापीवर एकट्याने भरवसा ठेवू नये तो याचसाठी.

दुधाच्या प्रयोगात आणखी दोन खड्डे आहेत. कोल्हापूरच्या गंगावेशीतलं धारोष्ण दूध थेट मोजलं तर आकडा कमी येतो, दूधवाला निर्दोष असला तरी. त्यात हवेचे बुडबुडे असतात आणि स्निग्धांश अजून पातळ अवस्थेत असतो. दूध काही तास थंड ठेवून मगच मोजावं. दुसरा खड्डा तापमानाचा. 18 अंशांना पाण्याची घनता 0.9986, तर 36 अंशांना 0.9937. डिसेंबरची सकाळ आणि एप्रिलची दुपार यांत दुग्धतामापीवर चार-पाच अंशांचा फरक तसाच पडतो. उपकरण कोणत्या तापमानाला जुळवलंय ते त्याच्या मानेवर छापलेलं असतं, ते वाचूनच वापरावं. दूध अपारदर्शक असल्यानं कडेला चढलेल्या वरच्या रेषेवर वाचन घ्यावं लागतं. आणि उपकरण वरून सोडू नये: तळाशी फडक्याची घडी नसल्यानं पहिला दुग्धतामापी ऑगस्टमध्येच फुटला.

1.000 ते 2.000 ची पट्टी शाळेला नको. पाणी, दूध आणि उसाचा रस तिघेही तिच्या वरच्या टोकाला दाटीवाटीने येतात. घ्यायचाच तर 1.000 ते 1.100 पट्टीचा घ्यावा. रसवंतीचा बर्फ न घातलेला रस 18 ते 20 ब्रिक्स (म्हणजे वजनाने साधारण तितके टक्के साखर) असला की त्यावर 1.074 ते 1.083 दिसतो. रस गाळून, फेस बसल्यावर, पण अर्ध्या तासाच्या आत मोजायचा. नंतर तो आंबायला लागतो. गुऱ्हाळावरची काकवी कोणत्याही हायड्रोमीटरला दाद देत नाही, तो मध्येच अडकून बसतो. तिच्यासाठी सुई नसलेल्या सिरिंजमध्ये 10 मिली ओढून वजन करावं.

हायड्रोमीटर घरी करायचा तर प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ दहा-पंधरा मिनिटांत मऊ पडतो. पातळ मेणात एकदाच बुडवून उभा वाळवला की तास निघतो. 6 मिलिमीटर जाडीचा, 20 सेंटिमीटर लांबीचा स्ट्रॉ घेऊन तळ मेणाने बंद करायचा आणि सायकलचे बारीक छर्रे एकेक टाकत पाण्यात 14 सेंटिमीटर बुडेपर्यंत भरायचा. स्ट्रॉसह सगळं मिळून साधारण 4 ग्रॅम होतं. तिथे 1.00 ची खूण. मग 20 ग्रॅम मीठ आणि 80 ग्रॅम पाणी: हे 1.148, स्ट्रॉ सुमारे 12.2 सेंटिमीटरवर थांबतो. इथे हमखास 20 ग्रॅम मीठ 100 मिली पाण्यात टाकलं जातं. ते द्रावण 1.12 चं होतं आणि पूर्ण पट्टी चुकते. खुणांमधलं अंतर सारखं नसतं, कारण बुडालेली लांबी घनतेच्या व्यस्त प्रमाणात बदलते. मुलं पट्टीने समान भाग पाडायला जातात, त्यांना एकदा तसं करू द्यावं आणि मग शेंगतेलात बुडवून चूक दाखवावी. स्ट्रॉ भांड्याच्या कडेला चिकटला तर हलकेच फिरवावा. मात्र या स्ट्रॉने पाणी घातलेलं दूध पकडता येत नाही. पाचवा हिस्सा पाणी घातलं तरी फरक मिलिमीटरभराचा.

रंगीत थरांचा प्रयोग, म्हणजे तळाला साखरेचा पाक, वर मिठाचं पाणी, मग साधं पाणी, मग तेल, दिसायला झकास. सिरिंजने कडेकडेने सोडला तर तासभर टिकतो. खाण्याचा रंग तेलात मिसळत नाही, तेल तसंच पिवळं ठेवावं. यातून कोणताही आकडा हाती येत नाही, म्हणून तो मोजमापानंतर घेतलेला बरा.

डेन्सिटी बॉटल अचूक, पण आठ गटांत एक पुरत नाही. आणि दुसरी घेतलीच तर बुचांची अदलाबदल चालत नाही, प्रत्येक बूच आपापल्या बाटलीपुरतंच घासलेलं असतं. बाटली मुठीत धरली तर हाताच्या उबेने द्रव बुचाच्या छिद्रातून बाहेर येतो. मानेला धरून पुसावी. पहिल्याच दिवशी बाटली आणि बूच दोन्हींवर एकच क्रमांक कोरून घ्यावा.