विद्यापीठ नावाचा शेजारी: पाचपैकी साडेतीन स्टार

आधी एक क्लिअर करतो, हा रिव्ह्यू शिक्षणाचा नाहीये. कुठला कोर्स भारी, प्लेसमेंट कशी, हॉस्टेलला पाणी येतं का, यावर ढिगाने रिव्ह्यू पडलेत. हा रिव्ह्यू ज्यांनी कधी ॲडमिशन घेतलीच नाही पण ज्यांच्या शेजारी विद्यापीठ येऊन बसलंय त्यांच्यासाठी आहे, म्हणजे भाड्याने राहणारे, दुकान चालवणारे, घरपट्टी भरणारे. त्यांच्यासाठीही ही एक सर्व्हिसच आहे, फक्त त्यांनी ती ऑर्डर केलेली नसते आणि रिटर्न करायचा ऑप्शन तर अजिबातच नाही.

सुरुवात पॅकिंगपासून करू. जगभरातली बरीच मोठी विद्यापीठं दर काही वर्षांनी एक गुळगुळीत पीडीएफ काढतात, ‘आमचा अर्थव्यवस्थेवरचा परिणाम’ टाईपची. कव्हरवर हसणारी पोरं, आत पहिल्याच पानावर एक प्रचंड आकडा. हे मोजायची पद्धत पन्नास वर्षांहून जुनी आहे, अमेरिकेत १९७१ साली कॉलेजांच्या एका राष्ट्रीय संघटनेने त्याचं मॅन्युअलच काढलं होतं आणि थोड्याफार फरकाने आजही तेच चालतं. पगार किती दिले, खरेदी किती केली, विद्यार्थ्यांनी किती खर्च केला, त्यांना भेटायला आलेल्यांनी किती उडवला, याची बेरीज करायची आणि मग तिला गुणायचं. गुणायचं कशाला, तर प्रोफेसरने पगारातले पैसे सलूनवाल्याला दिले, त्याने ते किराणावाल्याला दिले, असा एक रुपया गावात दोनचार हात फिरतो म्हणून.

लॉजिक चुकीचं नाहीये पण बेरजेतच लबाडी करायला खूप जागा आहे. त्याच गावातला पोरगा त्याच गावातल्या विद्यापीठात गेला तर त्याचं जेवणखाण, कपडे, मोबाईल रिचार्ज हे सगळं विद्यापीठामुळे झालं असं धरायचं का? तो नुसता घरी बसला असता तरी जेवलाच असता ना. सरकारी अनुदान आलं तर ते विद्यापीठ नसतं तर दुसऱ्या कशावर तरी खर्च झालंच असतं, दवाखान्यावर, रस्त्यावर, तो हिशोब कुठेच नसतो. म्हणजे विद्यापीठ नसतं तर तिथे मोकळं माळरान असतं आणि लोक हातावर हात ठेवून बसले असते, असं गृहीत धरून तो मोठा आकडा निघतो. जाहिरात म्हणून ठीक आहे, हिशोब म्हणून नाही.

आणि गळती. हा मुद्दा मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. विद्यार्थ्याने लॅपटॉप गावातल्या दुकानातून घेतला तरी बनवणारा दुसऱ्या देशात, दुकानाची चेन तिसऱ्याच शहरातली, गावात उरलं काय तर सेल्समनचा पगार आणि गाळ्याचं भाडं. मोठ्या शहरात छपाईवाला, वकील, कॉम्प्युटर रिपेअरवाला सगळे तिथलेच असतात त्यामुळे पैसा जरा जास्त फिरतो, छोट्या गावात तो लगेच बाहेर पळतो. पण छोटं गावच विद्यापीठावर जास्त अवलंबून असतं. म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच बादलीला भोक मोठं.

आता चांगलं काय ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता कुरकुर करायलाच बसलाय.

सगळ्यात मोठा प्लस पॉइंट म्हणजे हा शेजारी सहसा घर सोडून जात नाही. कारखाना बंद पडतो, दुसऱ्या राज्यात स्वस्त जमीन मिळाली की उठून जातो, खाणीतला माल संपतो. विद्यापीठ एकदा बसलं की बसलं. पगार महिन्याच्या महिन्याला, आणि तोही शिपायापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळ्या थरांत. उलट मंदी आली की कित्येकदा गर्दी वाढते कारण नोकरी मिळत नसेल तर पोरं म्हणतात चला अजून दोन वर्षं शिकू, २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत कॉलेजचे प्रवेश असेच वाढले होते. बाजारपेठेला असा कस्टमर कुठे मिळतो सांगा.

गंमत म्हणजे हे नेहमी असं नव्हतं. मध्ययुगात युरोपातल्या विद्यापीठांकडे स्वतःच्या इमारती जवळजवळ नव्हत्याच, मास्तर आणि पोरं मिळून विद्यापीठ, भाड्याच्या खोल्यांत वर्ग. त्यामुळे गावाशी वाजलं की सरळ बोचकी बांधून दुसऱ्या गावाला. इटलीत बोलोन्याच्या विद्यापीठातून उठून गेलेल्यांनी १२२२ मध्ये पादुआचं विद्यापीठ सुरू केलं, मग १२२८ मध्ये व्हेर्चेल्ली नावाच्या गावाने पादुआच्या विद्यार्थ्यांशी लेखी करार केला की या आमच्याकडे, राहायला ५०० घरं देतो. म्हणजे आज सरकारं कंपन्यांना जमीन आणि टॅक्समाफी देऊन बोलावतात तसंच. पॅरिसमध्ये १२२९ ला दारूच्या बिलावरून मारामारी झाली, विद्यार्थी मेले, आणि विद्यापीठाने दोन वर्षं संपच केला, पोरं पांगली, शेवटी पोपला मध्ये पडावं लागलं.

ऑक्सफर्डचं तर विचारूच नका. १२०९ मध्ये गावकऱ्यांनी दोनतीन विद्यार्थ्यांना फाशी दिलं म्हणून बाकीचे पळाले, त्यातले काही जिथे जाऊन बसले तेच पुढे केंब्रिज. पाच वर्षांनी तडजोड झाली त्यात गावाला शिक्षा काय, तर विद्यार्थ्यांच्या खोल्यांचं भाडं दहा वर्षं निम्मं करा! १२१४ मधलं रेंट कंट्रोल आहे हे. मग १३५५ मध्ये पुन्हा दारूच्या गुत्त्यावरूनच दंगल पेटली, विद्यार्थ्यांच्या बाजूचे ६३ गेले असं धरतात, गावातलेही तीसेक मेले, आणि राजाने निकाल दिला विद्यापीठाच्या बाजूने. ब्रेड आणि बिअरच्या भावावर, वजनमापांवर देखरेख करायचे अधिकारही विद्यापीठाला देऊन टाकले, म्हणजे जो सगळ्यात मोठा गिऱ्हाईक तोच इन्स्पेक्टर. वर गावच्या मेयरने दर वर्षी चर्चमध्ये जाऊन ६३ पेनी भरायचे, ते चालू राहिलं थेट १८२५ पर्यंत. पावणेपाचशे वर्षं दंड, दारूच्या एका भांडणाचा.

हे सगळं उगाळतोय कारण तेव्हा भाडेकरूकडे ‘आम्ही चाललो’ ही धमकी होती. आता विद्यापीठाकडे एकरच्या एकर इमारती आहेत, ते हलू शकत नाही, विद्यार्थी तर डिग्री अर्धी टाकून कुठेच जाऊ शकत नाही, म्हणून घरमालक बिनधास्त. आठशे वर्षांत पारडं पूर्ण उलटं फिरलंय आणि विद्यापीठाच्या पैशातला सगळ्यात जाड तुकडा कुणाला जातो तर ज्याच्याकडे गेटच्या आसपास जागा आहे त्याला.

म्हणूनच दीड स्टार कापलाय, त्यातला एक अख्खा भाड्यासाठी. कसं होतं बघा, तीन खोल्यांच्या घराला एक कुटुंब एका पगारातून जेवढं देऊ शकतं त्यापेक्षा पाच पोरं मिळून आरामात जास्त देतात, मग मालक हॉलला प्लायवूडचं पार्टिशन टाकून चौथी खोली काढतो, शेजारचा बघतो आणि तोही काढतो, दोनचार वर्षांत गल्लीतली कुटुंबं लांब राहायला जातात, लहान मुलांच्या शाळेचा पट घसरतो, किराणाच्या जागी फोटोकॉपी आणि कॅफे. ब्रिटनमध्ये हे इतकं झालं की त्याला ‘स्टुडंटिफिकेशन’ असा खास शब्दच आला, लीड्स शहरातला हेडिंग्ली भाग त्याचं नेहमीचं उदाहरण. तिथे ज्या घरात फक्त फुलटाइम विद्यार्थी राहतात त्या घराला कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) माफ असतो, कचरा मात्र त्या घराचाही उचलावा लागतोच. आणि सुट्ट्या लागल्या की तीच गल्ली भुताची. दुकानदाराला वर्षाचा धंदा आठनऊ महिन्यांत उरकायचा असतो, गाळ्याचं भाडं बाराही महिने. २०२० मध्ये कॅम्पस एका झटक्यात रिकामे झाले तेव्हा या गावांना कळलं की सगळी अंडी एकाच टोपलीत होती. (पोरांवर राग काढू नका, ती पण त्याच पार्टिशनमागे पैसे मोजून राहतात.)

उरलेला अर्धा स्टार टॅक्सचा. बऱ्याच देशांत विद्यापीठाला मालमत्ता करातून सूट असते, शिक्षणाचं पवित्र काम म्हणून. ठीक आहे. पण गावातली मोक्याची जमीन एकाच्याच ताब्यात आणि तोच करमुक्त असेल तर रस्ते, दिवे, अग्निशमन याचा भार बाकीच्यांवर पडतो, साधा हिशोब आहे. अमेरिकेतलं न्यू हेवन घ्या, तिथे येल आहे, जगातल्या सगळ्यात श्रीमंत विद्यापीठांपैकी एक, आणि शहरातली निम्म्याहून जास्त मालमत्ता करमुक्त. वर्षानुवर्षं घासाघीस होऊन २०२१ मध्ये येलने सहा वर्षांत मिळून साधारण १३.५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. पण त्याला म्हणतात ‘ऐच्छिक’ रक्कम. मी घरपट्टी ऐच्छिक भरतो म्हटलं तर नगरपालिका मला काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही. प्रिन्स्टनमध्ये तर आसपासचे रहिवासी कोर्टात गेले, म्हणाले हे पेटंटमधून पैसे कमावतात मग सूट कसली, २०१६ मध्ये केस मिटवताना विद्यापीठाने १.८ कोटी डॉलरच्या वर द्यायचं मान्य केलं.

आता ज्या फीचरसाठी सगळी सरकारं हे प्रॉडक्ट घेतात ते, स्टार्टअप आणि इनोव्हेशन. सगळ्यांना स्टॅनफर्ड पाहिजे, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतलं ते विद्यापीठ. पण स्टॅनफर्डची गोष्ट नीट वाचली तर सुरुवातीलाच एक अट दिसते, देणगी देणाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं की ही जमीन विकायची नाही. जमीन भरपूर आणि हातात कॅश कमी, म्हणून १९५१ मध्ये त्यांनी ती दीर्घ मुदतीच्या लीजवर कंपन्यांना द्यायला सुरुवात केली, पहिला भाडेकरू व्हॅरियन नावाची इलेक्ट्रॉनिक्स कंपनी. म्हणजे इथेसुद्धा घरमालकीच! फरक एवढाच की या घरमालकाने भाडेकरू निवडून घेतले. पुढे गूगलचं सर्च तंत्रज्ञान वापरायला दिल्याबद्दल मिळालेले शेअर विकून २००५ मध्ये ३३.६ कोटी डॉलर आले. असं एखादं तिकीट लागतं. बाकीच्या बऱ्याच विद्यापीठांत काचेची बिल्डिंग होते, तिच्यावर ‘इनोव्हेशन’ लिहिलं जातं आणि आत मीटिंग रूम बुक करायचं ॲप असतं. १९८० मध्ये अमेरिकेने कायदा करून सरकारी पैशाच्या संशोधनाचं पेटंट विद्यापीठांना ठेवू दिलं, त्यानंतर विद्यापीठांनी स्वतःची पेटंट सांभाळणारी ऑफिसं सगळीकडे उघडली पण मोठी कमाई मूठभरांचीच.

मग फायदा खोटाय का? नाही. ७८ देशांतल्या जवळपास १५,००० विद्यापीठांचा डेटा घेऊन व्हॅलेरो आणि व्हॅन रीनन या दोन अर्थतज्ञांनी अभ्यास केलाय. एखाद्या प्रदेशात विद्यापीठांची संख्या १० टक्क्यांनी वाढली तर पुढे दरडोई उत्पन्न साधारण ०.४ टक्क्याने जास्त दिसतं. आकडा बघून हसू नका, पीडीएफवाल्या आकड्यापेक्षा हा कितीतरी प्रामाणिक आहे. आणि त्यांचंच म्हणणं आहे की नुसत्या खर्चाने हे होत नाही, शिकलेली माणसं आणि नवीन कल्पना यांचा त्यात हात असतो. अमेरिकेत आणखी एक भारी काम झालंय, जुन्या काळी कॉलेज कुठे काढायचं यावर गावागावांत चुरस असायची, तर जिंकलेली गावं आणि थोडक्यात हरलेली गावं यांची तुलना केली. जिंकलेल्या गावांत पेटंट बरीच वाढली, पण त्यातली थोडीच तिथल्या प्राध्यापकांची आणि माजी विद्यार्थ्यांची निघाली. बाकीची कुणाची, तर गावात नंतर राहायला आलेल्या इतर लोकांची. मला हे वाचून एकदम पटलं, कारण वर्गात काय शिकवतात यापेक्षा माणसं गावात येऊन टिकतात का हा खरा खेळ आहे. डिग्री घेतली आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधलं तर गावाच्या वाट्याला फक्त त्याच्या रूमचं डिपॉझिट.

आणि टिकायचं तर घर परवडायला पाहिजे. म्हणजे फिरून पुन्हा भाड्यावरच.

तर फायनल रेटिंग साडेतीन, पण सरासरीवर जाऊ नका, माणूस बघून बदलतं. गेटजवळ स्वतःचं घर असेल तर डोळे झाकून पाच. गाळा भाड्याने घेऊन दुकान असेल तर तीन, आणि सुट्टीचे महिने धरूनच लीजवर सही करा. भाड्याने राहून विद्यापीठाशी संबंध नसलेली नोकरी करत असाल तर दोन. कॅम्पसवर झाडलोट किंवा सिक्युरिटीचं काम करत असाल तर आधी बघा पगार विद्यापीठ देतं की ठेकेदार, त्यावर चार की दीड ते ठरेल.

पुढच्या वेळी ती गुळगुळीत पीडीएफ हाती आली तर आकडा सोडा, आत ‘एकूण’ लिहिलंय की ‘निव्वळ’ (म्हणजे विद्यापीठ नसतं तरी झालाच असता तो खर्च वजा करून) ते शोधा. आणि एकदा लायब्ररीच्या दारापर्यंत जाऊन या. साडेतीनातला अर्धा स्टार मी या आशेवर दिलाय की बाहेरच्या माणसालाही आत बसून पुस्तक वाचता येतं, तुमच्याकडे दारात आयकार्ड मागून परत पाठवलं तर तो अर्धा कापून तीन समजा.