आईच्या साड्यांची गोधडी: थरांची, तुकड्यांची की चित्राची?

कपाट आवरताना आईच्या, आजीच्या साड्या हाताला लागतात. कुणाला द्यायला जीव होत नाही आणि घरात नेसणारंही कुणी नसतं. मग गोधडीचा विचार मनात येतो. गाडी अडते ती त्यानंतर. साड्या अख्ख्या ठेवून थर घालायचे, कापून तुकडे जोडायचे, की त्यांतून चित्र उभं करायचं? पहिले दोन प्रकार मी स्वतः शिवले आहेत, तिसरा मैत्रिणीच्या मदतीला बसून. त्यावरून सांगते.

थरांची गोधडी म्हणजे आपली घरची वाकळ. सुती नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर भरते, पन्हा मीटरभराहून थोडा जास्त. तिचे चार सारखे भाग करून दोन-दोन जोडले, की एका लुगड्यात दोन माणसांच्या गोधडीचे दोन थर निघतात. दोन लुगडी घेतली की चार थर झाले, आणि हाताने शिवायला तेवढे पुरे. त्यावर गेलात तर सुई अडते, टाका मोठा पडतो, बोटं सोलवटतात. थर जमिनीवर ताणून अंथरायचे, आधी लांब लांब कच्चे टाके घालायचे, मग कडेपासून धावदोरा चौकोनात फिरवत मध्यापर्यंत आणायचा. दोन रांगांत बोटभर अंतर ठेवलं तरी शेकडो मीटर दोरा जातो. रोज दीड तास बसून मला अडीच महिने लागले.

पण याच प्रकारात कापडाला सगळ्यात कमी कात्री लागते. दंड घातलेलं, म्हणजे फाटका भाग काढून मधोमध जोडलेलं लुगडं असेल तर तो दंडही तसाच राहतो. विरलेला भाग आतल्या थरात जातो आणि तिथे मऊपणा देतो, म्हणून जुनेराचीच गोधडी अंगाला बरी वाटते. अडचण एकच, आणि ती नीट समजून घ्या: बाहेरून फक्त वरची आणि खालची साडी दिसते. आत कोण कोण आहे, ते शिवणारीलाच ठाऊक. प्रत्येक साडी दिसलीच पाहिजे असा तुमचा हट्ट असेल, तर हा मार्ग तुमचा नाही.

मग तुकड्यांची. इथे प्रत्येकाला जागा मिळते. आईची साडी, बाबांचा शर्ट, बाळाचं दुपटं, मावशीने ओटीत दिलेला खण, सगळं शेजारी शेजारी. पाच फूट बाय सात फुटांच्या गोधडीला सहा इंचांचे १४० चौकोन लागतात. प्रत्येक बाजूला पाव इंच शिवणीत जातो, म्हणून कापताना साडेसहा इंच धरा. विरलेलं कापड शिवणीपाशीच फाटतं, तेव्हा मागून पातळ पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावल्याशिवाय कापू नका. जुन्या रेशमाचं आणखी नाजूक असतं. घडीवर ते आधीच चिरलेलं असतं आणि जरीचे काठ शेजारच्या सुती कापडाला कातरतात. पैठणी मी कुणालाही कापू देणार नाही.

माझ्या तुकड्यांच्या गोधडीत वडिलांच्या शर्टाचा खिसा अख्खा बसवलाय, तळाशी शाईचा निळा डाग आहे तसा. सगळे आधी तिथेच हात घालतात. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावी मिसूरी पेटवे या बाईंनी गेलेल्या नवऱ्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची अशीच गोधडी १९४२ मध्ये शिवली होती. रोज अंगावर राहिलेल्या कपड्याची ओढ वेगळीच.

हे जोडकाम मशीनवर केलं तरी बिघडत नाही. बाहेर शिवायला देणार असाल तर मात्र काय कापायचं नाही ते खडूने आखून द्या. मी एकदा तोंडी सांगून आले आणि माप जमेना म्हणून आईच्या इरकलीचा पदरच कापला गेला. तो परत जोडता आला नाही.

मोजमापाचा कंटाळा असेल तर कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघा. त्या तुकडे एकमेकांना जोडत बसत नाहीत. खाली एक अख्खं कापड, त्यावर हाताला येईल तो तुकडा ठेवत कडेकडेने आत शिवत जातात आणि चार कोपऱ्यांवर घड्यांची त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. पहिल्यांदा शिवणाऱ्याला मी हीच रीत सुचवेन.

चित्राची गोधडी, म्हणजे कापडावर कापड कापून बसवलेली झाडं, घरं, माणसं, भिंतीसाठी उत्तम. अंगावर घेतली की वापराने कडा सुटतात. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातल्या, गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी १८८६ च्या सुमारास बायबलमधल्या प्रसंगांची अशी गोधडी केली. पुढे अडचणीत ती पाच डॉलरला विकावी लागली, पण विकताना त्यांनी एकेका चित्राचा अर्थ सांगितला आणि घेणारीने तो लिहून ठेवला. म्हणून आज तो आपल्यापर्यंत पोचलाय. कोणताही प्रकार निवडा, मागच्या बाजूला एक पांढरा तुकडा लावून कोणाचं कापड कुठे आहे ते दोऱ्याने किंवा न फिटणाऱ्या शाईने लिहाच.

कापड सुतीच घ्या आणि कापण्याआधी प्रत्येक साडी वेगळी धुवा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरला, तर ती बाजूला ठेवा. घट बसायच्या आधी गोधड्या धुवायला निघतात, तेव्हा एकच लाल साडी सगळं गुलाबी करून टाकते.

रोज पांघरायची असेल तर थरांची, भावंडांना आपापलं माणूस डोळ्यांनी दिसायला हवं असेल तर तुकड्यांची. मला विचाराल तर थरांची, आणि त्याचं कारण आजीची गोधडी. तिची वरची हिरवी साडी पायथ्याशी विरून गेली आणि खालून काळं कापड डोकावलं. आत्याने ते दोन बोटांत धरलं, उजेडाला नेलं आणि म्हणाली, "अगं, ही आईची पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा. जपून ठेवलीय म्हणायची, आम्ही सगळ्या ट्रंका शोधल्या होत्या." तिथे मी ठिगळ लावलेलं नाही.